बांधावर वड लावण्यापूर्वी

प्रति,
तलावाच्या बांधावर रोज सकाळी फिरायला येणारी आपली सर्व मंडळी,
इंदूर.

विषय : वटपौर्णिमेला बांधावर होणारे वृक्षारोपण, सांडव्यावर रचायच्या वाळूच्या गोण्या आणि बांधाची निगा.

सप्रेम नमस्कार.

वटपौर्णिमेला बांधाच्या दोन्ही अंगांनी वड, पिंपळ आणि कडुलिंबाची रोपे लावायची, पाऊस लागला की सांडव्यावर, म्हणजे भरल्या तलावातले जादा पाणी बाहेर जाते त्या वाटेवर, वाळूच्या गोण्या रचून पाणी दीड-दोन फूट वर धरायचे आणि दिवाळीच्या आत माथ्यावर पेव्हर ब्लॉक बसवून दिव्यांच्या माळा सोडायच्या, असे आपल्या बैठकीत ठरत आले आहे. तलावावर आपणा सगळ्यांचा जीव आहे म्हणूनच हे ठरते आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी हात जोडून विनंती करतो की बांधावर एकही झाड लावू नका आणि सांडव्यावर एकही गोणी ठेवू नका. झाडांनी बांध वीस-पंचवीस वर्षांत पोखरला जाईल. गोण्यांनी तो एका रात्रीत जाऊ शकतो.

बैठकीत बोलायला प्रत्येकाला दोन-चार मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात हे सांगून होत नाही, म्हणून लिहून सगळ्यांपुढे ठेवतो आहे. माझी सारी नोकरी जलसंसाधन विभागात उपयंत्री (सब-इंजिनिअर) म्हणून गेली, आणि तीही मोठमोठ्या धरणांवर नाही, धार-झाबुआकडच्या लहान सिंचन तलावांवर. माती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून थरावर थर चढणारे बांध पाहिले आणि भर श्रावणात कंदील-बॅटरी घेऊन रात्रभर त्यांच्यावर पहाराही केला. त्या अनुभवाच्या आधारानेच लिहितो आहे.

आपण ज्याच्यावरून चालतो ते मातीचे धरण आहे, हे आधी मनात पक्के धरू या. लहान आहे, जुने आहे, गवताने झाकलेले आहे, पण धरणच आहे. त्याच्या पोटात मधोमध काळ्या मातीचा दाबून बसवलेला गाभा असतो, आणि तो जमिनीत चर खणून खालच्या कठीण मुरमापर्यंत, कुठे खडकापर्यंत उतरवलेला असतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण. आपल्या माळव्याची काळी माती ओली असली की पाणी अडवते, पण वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती आत ठेवतात आणि मुरूम वर घालतात. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खाल्ली जाऊ नये म्हणून दगडांचे पिचिंग. कोरड्या बाजूला अगदी पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा, त्याला आम्ही रॉक टो म्हणायचो. आपल्याकडे तो आता गवत आणि बेशरमीच्या झुडपांखाली गेला आहे, तरी सांडव्याकडून शंभर पावले आलात की दगड दिसतात.

हा दगडांचा पट्टा कशासाठी? मातीच्या धरणातून पाणी झिरपतेच. अजिबात न पाझरणारा मातीचा बांध मी कुठेही पाहिला नाही. बांधणाऱ्याचे सगळे कसब यात असते की ते पाणी सावकाश यावे, ठरलेल्या वाटेने पायथ्याच्या दगडांत उतरावे आणि येताना मातीचा कण बरोबर आणू नये. एक कण सुटला की त्याच्यामागे दुसरा सुटतो. आत बारीक नळी धरते आणि ती कोरड्या बाजूकडून मागे मागे तलावाकडे सरकत जाते. ती तलावाला भिडली की दुरुस्तीला दिवस मिळत नाहीत, तास मिळतात.

अशा बांधात झाडाचे मूळ काय करते ते पाहा. मूळ ओलाव्याच्या मागे जाते. बांधात ओलावा कुठे, तर पाणी झिरपते त्या रेषेवर. म्हणजे जी रेषा आपण वर्षानुवर्षे जपायची, नेमकी तिकडेच झाड आपली मुळे पाठवते. मूळ जिवंत आहे तोवर ते आपली जागा भरून असते. ते मेले आणि कुजले की मागे पोकळी राहते, करंगळीएवढी, कधी मनगटाएवढी, आणि पाण्याला आयती वाट मिळते. वादळात मोठे झाड उन्मळून पडले तर मुळांच्या गड्ड्याबरोबर बांधाचा लचकाच निघतो, आणि आपल्याकडे झाडे पडतात ती वळवाच्या वाऱ्यात, तलाव भरायच्या तोंडावर. शिवाय दाट सावलीखाली गवत मरते. पावसाच्या माऱ्यात उतारावरची माती धरून ठेवणारे काही असेल तर ते गवतच आहे. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो ती साधी हरळी बांधाच्या जितकी उपयोगी पडते तितके दुसरे कुठलेच झाड-झुडूप पडत नाही. तिची मुळे उथळ, दाट, एकमेकांत विणलेली, आणि बकऱ्या चरल्या तरी पुन्हा फुटणारी. जुन्या इंदुरात वाड्याच्या भिंतीत एकदा पिंपळ रुजला की तिचे पुढे काय होते हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दगड-चुन्याच्या भिंतीला जो पिंपळ उलून काढतो, तो दाबलेल्या मातीला काय करेल याचा विचार करा.

हे नुसते पुस्तकातले नाही. या एप्रिलमध्ये सगळा बांध पिवळा पडला होता तेव्हा कोरड्या उतारावर खालच्या अंगाला घोंगडीएवढा एक तुकडा हिरवागार दिसला. उतरून गेलो. टाच दाबली तर टाचेच्या खळग्यात पाणी जमले. हातभर वर, गवतात लपलेला, सुबाभळीचा जुना बुंधा होता, कोणीतरी जमिनीसपाट कापलेला. वरचे लाकूड भुसभुशीत झाले होते. हातातली काठी त्याच्या बाजूने आत घातली तर कोपरापर्यंत सरळ गेली, कुठे अडली नाही. खळग्यातले पाणी मी पारदर्शक बाटलीत भरून घरी आणले आणि खिडकीत ठेवले. संध्याकाळपर्यंत तळाशी गाळ बसला नाही. म्हणजे पाणी येते आहे, पण माती अजून येत नाही. हा आजचा दिलासा आहे, उद्याची हमी नाही, कारण एप्रिलमध्ये तलाव अर्ध्याच्या खाली होता आणि भरल्या तलावाचा दाब वेगळा असतो. देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाला हे लेखी कळवून पोच घेतली आहे. पण माझे म्हणणे तुमच्याशी आहे. एका सुबाभळीच्या बुंध्याने एवढे केले, तिथे आपण हौसेने वडाची रांग लावायला निघालो आहोत.

वहिनींना आणि काकूंना वेगळे सांगायचे आहे. इथल्या हिंदी शेजारणी वटसावित्री अमावस्येला करतात, आपण पौर्णिमेला, आणि एवढ्या वर्षांत या शहरात आपण आपला दिवस सोडला नाही, याचा मलाही अभिमान वाटतो. वड लावण्याचा संकल्प मोडू नका, जागा तेवढी बदला. बांधाच्या पायथ्यापासून निदान पंधरा-वीस फूट मोकळे सोडायचे, आणि वड-पिंपळासारखे पसरणारे झाड असेल तर त्याच्या दुप्पट. कोरड्या बाजूला शंकराच्या देवळामागे मोकळी जमीन आहे, तिथे वडाला हवा तेवढा पसारा मिळेल आणि पुढल्या वर्षी पूजेला सावलीत उभेही राहता येईल. तलावाच्या वरच्या अंगाला, जिथून ओढे आत येतात, तिथे जांभूळ, करंज आणि अर्जुन लावा. अर्जुन हे ओढ्याकाठचेच झाड आहे, आणि तिथे त्याची मुळे तलावात येणारा गाळ अडवतील. उथळ कडेच्या बाभळी तेवढ्या राहू द्या. त्यांच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणी खोपे बांधतात.

आपल्यातल्या एकांना आईच्या नावाने पिंपळ लावायचा आहे आणि तो रोज फिरताना दिसावा म्हणून माथ्यावरच हवा आहे. त्यांची भावना मी समजतो. पण हा बांध कधी नीट तपासला गेला तर तपासणारा जाणता अभियंता पहिले काम हेच करेल, माथ्यावरची झाडे काढायला सांगेल, आणि ते त्याचे कर्तव्यच असेल. तोवर पिंपळ वीस वर्षांचा झाला असेल, कोणीतरी त्याला पार बांधला असेल. आईच्या नावाच्या झाडावर कुऱ्हाड चालवायची वेळ तुमच्या मुलांवर आणू नका. जिथे त्याला दोनशे वर्षे कोणी हात लावणार नाही अशी जागा आपण मिळून शोधू.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणीतरी करवत घेऊन येईल. आज बांधावर जी मोठी झाडे आहेत ती घाईने कापू नका. झाड कापून बुंधा आणि मुळे आत कुजायला सोडणे हे तर आणखी वाईट, सुबाभळीचे उदाहरण वर दिलेच आहे. मोठे झाड काढायचे तर मुळांसकट खणून काढावे लागते आणि तो खड्डा योग्य मातीने थराथराने ठोकून भरावा लागतो. ते काम उन्हाळ्यात, तलाव उतरलेला असताना, जाणकाराच्या देखरेखीखाली व्हायचे. आपण करू शकतो ते एवढेच की बोटाएवढी जाडी झाली नाही तोवर रोपटी उपटून टाकायची. पहिला पाऊस पडून माती मऊ झाली की हे काम हाताने होते.

आता सांडवा. खरी भीती मला याचीच आहे.

तलाव लवकर आटतो, मार्चमध्ये नाव चालत नाही, नातवंडांना पाणी दाखवायला आणावे तर चिखल दिसतो, म्हणून गोण्या. दीड-दोन फूट जास्त पाणी साठले तर काय बिघडले, असे विचारले गेले. बिघडते ते असे. आपला सांडवा साधारण वीस मीटर लांब आहे. त्याच्यावरून एक मीटर उंचीचे पाणी वाहते तेव्हा सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पाणी बाहेर जाते. गोण्यांनी अर्धा मीटर अडवला तर पुराच्या त्याच पातळीला वाहायला अर्धाच मीटर उरतो. उंची निम्मी झाली म्हणजे विसर्गही निम्मा, १७ होईल असे वाटते. तसे होत नाही, तो १२ होतो. सांडव्यावरून जाणारे पाणी उंचीच्या दीडाव्या घाताने कमी-जास्त होते, हा जलशास्त्राचा जुना नियम आहे. म्हणजे दीड फुटाच्या गोण्यांनी सांडव्याची दोन-तृतीयांश ताकद जाते, आणि बाहेर न पडलेले पाणी तलावात चढत राहते. सांडव्याच्या पुराच्या पातळीवर बांधाचा माथा जो मीटरभर उंच ठेवलेला असतो, तो लाटांसाठी आणि काळानुसार बांध थोडा खचतो त्यासाठी. ती उंची बांधाची आहे, आपण पाणी साठवून ती खर्च करायची नाही.

सिमेंट-काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी गेले तर ते बहुधा उभे राहते. मातीच्या बांधाचे तसे नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते कोरड्या उतारावर घळ पाडते, घळ वर सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग सगळा तलाव त्या फटीतून निघतो. मातीची धरणे फुटण्याची जी दोन सर्वांत मोठी कारणे जगभर मानतात त्यांतले एक हे माथ्यावरून पाणी जाणे, आणि दुसरे वर सांगितलेली आतली झीज. आपण झाडे लावून दुसऱ्याची तयारी करतो आहोत आणि गोण्या टाकून पहिल्याची.

पुराचा जोर वाढला की गोण्या आपोआप वाहून जातील, असे कोणी म्हणाले. गेल्या नाहीत तर? जलपर्णी, फांद्या, प्लॅस्टिक येऊन गोण्यांना अडकते आणि भिंत आणखी पक्की होते, हे मी पाहिलेले आहे. आणि त्या एकदम गेल्या तर तेवढे पाणी एका झटक्यात खालच्या नाल्यात उतरेल. त्या नाल्याच्या दोन्ही काठांना आता घरे आहेत. आपल्याकडे धुणे-भांडी, स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायांची घरे तिथे आहेत. बांधाबद्दलचा कुठलाही निर्णय करताना त्या वस्तीतले दोन-तीन जण बैठकीत असायला हवेत, असे माझे ठाम मत आहे. पाणी वर आपल्याला दिसते, जोखीम खाली त्यांना आहे.

पाऊसही आता पूर्वीचा धरून चालत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांवर पाऊस कोसळला, तो आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. एका चौरस किलोमीटरवर एक इंच पाऊस पडला की अडीच कोटी लिटर पाणी होते. हा तलाव बांधला तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला शेते होती. बरेचसे पाणी जमिनीत मुरायचे आणि उरलेले रमतगमत तलावात यायचे. आज तिथे कॉलन्या आहेत, सिमेंटचे रस्ते आहेत, गच्च्या आहेत. तेवढाच पाऊस आता जास्त पाणी घेऊन आणि फार लवकर येतो. सांडवा मात्र होता तेवढाच आहे. खरे तर तो मोठा करायची मागणी आपण करायला हवी, आणि आपण तो बुजवायला निघालो आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक पुण्यात आहेत. पानशेतचे नाव निघाले की जुनी माणसे अजून थबकतात. तो बांध मातीचाच होता, १२ जुलै १९६१ ला तो खचत गेला, पाणी माथ्यावरून निघाले, आणि त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासलाही टिकले नाही. एवढे लांब जायचे नसेल तर कारमचे आठवा. ऑगस्ट २०२२, आपल्या शेजारचा धार जिल्हा, कोठीदा गावाजवळचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण पाझरू लागले. १८ गावे रिकामी करावी लागली, लष्कर आले, शेवटी बाजूने वाट खोदून पाणी काढून द्यावे लागले. जीवितहानी झाली नाही, कारण पाझर वेळेवर दिसला आणि लोक हलवले गेले. आपला तलाव त्यांच्यापुढे फारच छोटा आहे, हे मान्य. पण नाल्याकाठच्या पत्र्याच्या घराला बुडायला पानशेत लागत नाही.

छोटा असण्याचाच एक तोटा आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि काही अटी पूर्ण झाल्या तर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना. आपला बांध सर्वांत खोल जागीही दहा मीटरच्या आत आहे. म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी व्हायलाच हवी असे त्या कायद्याचे बंधन आपल्या बांधाला नाही. त्यात इंदूरच्या तलावांची आणखी एक गत झाली. होळकरांच्या काळापासून सिरपूर, बिलावली, पुढे यशवंतसागर हे शहराला पाणी पाजत होते. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी आले आणि हळूहळू तलावांकडे पिण्याचे पाणी म्हणून बघणे कमी झाले. ज्याच्यावर तहान अवलंबून नाही त्याच्या बांधाकडे रोज कोण पाहणार? आपल्या तलावावरून तर शेतीला पाणी सोडणेही बंद झाले आहे. उरले फिरणारे आपण, गळ टाकून बसणारी मुले आणि पक्षी. म्हणून ही जबाबदारी फिरता फिरता आपल्याकडे आली आहे, आणि ती आपण आनंदाने घ्यावी असे मला वाटते.

पक्ष्यांचा विषय निघाला आहे तर पाण्याच्या पातळीबद्दल आणखी बोलतो, कारण गोण्यांच्या बाजूने पक्ष्यांचेही नाव घेतले गेले. पाणी जास्त तर पक्षी जास्त, असा समज आहे. या हिवाळ्यात आपल्याबरोबर चालणाऱ्यांनी पाहिले असेल की भरल्या तलावाच्या मधोमध पाणकावळे आणि वारकरी पक्षी सोडले तर फारसे कोणी नव्हते. गर्दी होती ती वरच्या अंगाच्या उथळ कडेला. थापट्या आणि तलवार बदकांना वीतभर-हातभर पाण्यात डोके बुडवून चरायचे असते. शेकाट्याला पोटऱ्या बुडतील एवढेच पाणी हवे. तुतारीला तर नुसता ओला चिखल हवा, चोच खुपसायला. ऑक्टोबरपासून पाणी जसजसे उतरते तसतशी रोज नवी कड उघडी पडते आणि त्यांना रोज नवे ताट वाढले जाते. तो चिखल आपल्याला ओंगळ दिसतो, पण सैबेरिया आणि मध्य आशियाकडून आलेले पाहुणे त्याच्यासाठीच इथे थांबतात. मार्चनंतर टिटवी त्याच उघड्या पडलेल्या खड्यांत अंडी घालते. गोण्या टाकून पाणी काठाशी धरले तर ही कड पाण्याखाली जाईल आणि आपण पक्ष्यांच्या नावाने पक्ष्यांचेच जेवण बुडवू.

बांधालाही पाणी उतरणे मानवते. वर्षातून एकदा पिचिंगचे दगड उघडे पडले तरच कुठला दगड निसटला, कुठे लाटेने खोबण केली, कुठे बीळ आहे हे दिसते.

इंदुरातल्या सिरपूर आणि यशवंतसागर या दोन जलाशयांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, आणि २०२५ मध्ये उदयपूरबरोबर आपल्या शहराला पाणथळ जागांचे शहर म्हणून रामसर कराराखाली मान्यता मिळाली. भारतात ही मान्यता मिळालेली ही पहिली दोन शहरे. यातले सिरपूर तर माणसाने बांधलेल्या तलावाचे उदाहरण आहे. शहराच्या पाण्यासाठी बांधला आणि पक्ष्यांनी आपला केला. आपला तलाव कुठल्याही यादीत नाही. पण यादीतल्या तलावांसाठी जे नियम केले ते कशासाठी केले हे समजून आपण आपणहून पाळू शकतो. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत, ज्या जागा त्याखाली येतात तिथे, सरासरी पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत नावांच्या धक्क्याखेरीज पक्के बांधकाम करता येत नाही. दिव्यांच्या माळा आणि सेल्फी पॉइंटचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यामागचा विचार पाहावा. रात्री बाभळींवर शेकडो बगळे बसतात, त्यांच्या डोळ्यांत उजेड कशाला?

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडक्यात. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग पडली किंवा कुठे माती बसली तर ती सगळ्यात आधी चालणाऱ्याला दिसते. ब्लॉक घातले की ती झाकली जाते, आणि खालच्या वाळूत पावसाचे पाणी साठते ते वेगळेच. माथ्याला दाबलेला मुरूम हवा, तलावाकडे हलका उतार देऊन, म्हणजे पावसाचे पाणी पिचिंगवरून तलावातच जाईल आणि कोरड्या उतारावर घळी पडणार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांना मुरमाची वाट ब्लॉकपेक्षा मऊही लागते.

बिळांचाही प्रश्न आहे. २ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले, माणसे गेली, आणि त्यानंतर एका मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले. त्या विधानाची खूप हेटाळणी झाली ती योग्यच होती. तरी त्यामुळे बिळे निरुपद्रवी आहेत असे कोणी समजू नये. घूस, उंदीर, खेकडे बांधात घरे करतातच, वारुळेही होतात. दोष त्या जनावरांचा नाही. बीळ दिसेल एवढे गवत आखूड ठेवायचे, बेशरमीची जाळी काढून टाकायची, आणि दिसलेले बीळ वेळेवर नीट बुजवायचे हे माणसाचे काम आहे. आपल्या बांधावर बेशरम इतकी माजली आहे की आत काय आहे हे कोणालाच माहीत नाही. वृक्षारोपणाचा जो उत्साह आहे त्यातला निम्मा जरी ही बेशरम काढण्यात गेला तरी बांधाचे मोठे काम होईल. मुळासकट काढा आणि लांब नेऊन वाळवा, कारण तिची तुटकी फांदीसुद्धा ओलीत पडली की पुन्हा जगते.

आपण रोज दोन फेऱ्या मारतो. एवढ्या नियमाने या बांधावर कोणीच येत नाही, म्हणून आपल्यासारखा पहारेकरी त्याला मिळणार नाही. एक फेरी माथ्यावरून आणि एक पायथ्याने मारायची सवय लावू या. कोरड्या दिवसांत ओल कुठे आहे, हिरवळ कुठे वेगळी दिसते, पायथ्याच्या पाझराचे पाणी नितळ आहे की गढूळ, सांडव्याच्या तोंडाशी जलपर्णी अडकली आहे का, उतार कुठे फुगला किंवा घसरला आहे का, एवढेच पाहायचे. पाझर वाढतो की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. पायथ्याला छोटी सारण काढून तिच्या तोंडाशी बादली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवायचा. तलावाची पातळी तेवढीच असताना बादली लवकर भरू लागली, किंवा पाण्याला मातीचा रंग आला, तर त्याच घटकेला कळवायचे. पाण्याच्या बाजूला बांधालगत भोवरा फिरताना दिसला तर फोटो काढत बसायचे नाही. आधी नाल्याकाठच्या वस्तीत फोन करायचा, मग अधिकाऱ्यांना.

देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडे आपण सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज द्यावा असे सुचवतो. मागण्या तीनच. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एका अभियंत्याने बांध पायी चालून तपासावा. सांडव्याचे तोंड आणि पुढची सारण मोकळी करावी आणि आजच्या वस्तीच्या हिशेबाने सांडवा पुरेसा आहे का याचे गणित पुन्हा मांडावे. बुंध्याजवळच्या ओलीवर दगड-वाळूचा गाळणथर घालावा, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. अर्जाचा मसुदा मी हिंदीत तयार केला आहे. त्यात वृक्षारोपणासाठी देवळामागची जागा मागितली आहे, तेव्हा आपला मूळ संकल्पही त्यात आहे.

रविवारी सकाळी सात वाजता सांडव्याजवळ जमू या. पायथ्यापासून कुठवर झाड नको ते दाखवणारी चुन्याची रेघ मी शनिवारी संध्याकाळी मारून ठेवीन. रोपांची आगाऊ रक्कम दिली असेल तर ती वाया जाणार नाही, सगळी रोपे देवळामागे आणि ओढ्याकाठी लागतील. गोण्यांची ऑर्डर मात्र आजच रद्द करा. येताना ज्यांच्याकडे असतील त्यांनी कुदळ, विळा आणि हातमोजे आणावेत. बेशरमीचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. नाल्याकाठच्या वस्तीतल्या दोघांना मी निरोप दिला आहे, तेही येणार आहेत.

आपला,
बांधावर आपल्याबरोबर चालणारा एक निवृत्त उपयंत्री